बुकबाइंडिंगचं किट मागवावं का? पाच मैत्रिणी, पाच डबे आणि एक पापड झालेलं कव्हर

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. घाई असेल त्यांच्यासाठी एका दमात: डबा देखणा, हत्यारं चांगली, कागद चुकीच्या दिशेने कापलेला, दोरा अपुरा, पाचातले अडीच स्टार आणि तेही बोन फोल्डरसाठी (घड्या घोटायची पट्टी). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, छोटा धंदा आहे आणि फोनवरची मुलगी बिचारी गोड बोलत होती. तुम्हीही असलं किट बघत असाल तर काय तपासायचं ते मात्र सगळं लिहिते.

आम्ही पाच जणी कॉलेजपासूनच्या. एक मडगावला, एक डोंबिवलीत, एक नाशिकला, एक साताऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आणि मी पुण्यात. (नावं टाकली तर मार खाईन, त्यामुळे गावाच्या नावानेच हाक मारतेय.) कधीकाळी पाचही जणी चित्रं काढायच्या, लिनोकट करायच्या, रात्र रात्र जागायच्या, आणि आता ग्रुपवर काय तर वाढदिवसाचे केक आणि कोणाचा गुडघा कुठे दुखतो. मग नाशिकवालीने एक दिवस टाकलं की आपण फिरत्या वह्या करू या का, म्हणजे प्रत्येकीने स्वतःच्या हाताने एक पुस्तक बांधायचं, त्यातला एक फर्मा (एकत्र दुमडलेल्या तावांचा जुडगा) स्वतः भरायचा, मग पुढचीला पाठवायचं, तिने तिचा फर्मा भरायचा, असं पाची घरं फिरून ते आपल्याकडे परत येणार. एका वेळी पाच पुस्तकं रस्त्यावर. कल्पना ऐकून सगळ्या एकदम हो म्हणाल्या, जे आमच्यात सहलीच्या तारखेबद्दलसुद्धा कधी होत नाही.

पण बांधणी कोणाला येतेय? म्हणून किट. एकाचे १,६५० रुपये, पाच घेतले, पाच घेतल्यावर फक्त शिपिंग माफ. नऊ दिवसांनी आले. डबा उघडल्यावर खरंच छान वाटतं, खोटं कशाला बोलू. आत बोन फोल्डर, लाकडी मुठीची आरी, दोन वाकड्या सुया, मेण लावलेला १८/३ चा लिननचा दोरा, पीव्हीए गोंदाची छोटी बाटली, ए-फाइव्ह मापाचे दोन पुठ्ठे, कव्हरसाठी प्रिंटेड कागद, अस्तराचे दोन कागद, भोकं पाडायची पुठ्ठ्याची पट्टी आणि दुमडून ठेवलेले आठ फर्मे, प्रत्येकी चार ताव. चार ताव दुमडले की सोळा पानं, म्हणजे आपल्याकडे छापखान्यात ज्याला फर्मा म्हणतात तोच हिशोब, आठ फर्म्यांची १२८ पानं झाली.

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही चौघी माझ्याकडे जमलो, मडगाववाली व्हिडिओ कॉलवर, तिचा फोन तिने तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला त्यामुळे आम्हाला दिवसभर तिचे हात आणि मागे कुकर एवढंच दिसत होतं. किटमध्ये कॉप्टिक शिलाई शिकवलीय. इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची ही पद्धत, दीड हजार वर्षांहून जुनी, आणि चित्रं काढणाऱ्यांना ती का आवडते ते हातात घेतल्यावर कळतं. कण्यावर गोंद नाही, कापड नाही, शिलाई उघडीच राहते, त्यामुळे पुस्तक टेबलावर अगदी सपाट पसरतं आणि मधल्या घडीवरूनसुद्धा चित्र काढता येतं. सुई भोकातून बाहेर काढायची, खालच्या फर्म्याच्या टाक्यामागून फिरवायची आणि परत त्याच भोकातून आत. बाहेरच्या बाजूला एकेक कडी तयार होत जाते, चार-पाच फर्मे झाले की कण्यावर घट्ट वेण्या घातल्यासारख्या दिसतात. डोंबिवलीवाली तिसऱ्या फर्म्यालाच म्हणाली, अगं हे तर मी लेकीच्या केसात रोज करते.

इथपर्यंत मजा. मग माहितीपत्रकातली आकृती सात. त्यात सुई बाहेरून आत जाताना दाखवलीय, आणि तिथे ती आतून बाहेर यायला पाहिजे. आम्ही चौघींनी चौघींची पुस्तकं तशीच शिवली आणि चौथ्या फर्म्यावर सगळ्यांचं अडलं. उसवलं. पुन्हा शिवलं. दोरा ओढायचा कसा तेही कुठे लिहिलेलं नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे, कण्याला समांतर ओढायचा, वर नाही आणि आपल्याकडेही नाही, नाहीतर भोक चिरतं. सातारावालीचे दोन फर्मे असेच चिरले. एकीने फर्मे धरायचे आणि दुसरीने ओढायचं असं केलं तेव्हा कुठे ताण सारखा आला. डब्यावर लिहिलंय ‘स्वतःसोबतचा निवांत वेळ’. मी म्हणते पहिलं पुस्तक एकटीने करूच नका, दोन हात कमीच पडतात, आणि उसवताना शिव्या ऐकायला कोणीतरी समोर पाहिजे.

आता दोरा. साधा अंदाज असा की जेवढे फर्मे तेवढ्या वेळा पुस्तकाची उंची, वर दोन उंच्या कव्हर जोडायला आणि गाठींना. ए-फाइव्हची उंची २१ सेंटिमीटर, आठ फर्मे आणि वर दोन, म्हणजे २१० सेंटिमीटर. डब्यात दिलाय बरोबर दोन मीटर! आठव्या फर्म्याला चौघींचा दोरा संपला. एवढा सुंदर दोरा, गुळगुळीत, न गुंतणारा, आणि दहा-पंधरा सेंटिमीटरसाठी गाठ मारायला लावतात. हा कंजूषपणा मला अजून कळलेला नाही.

तरी पुस्तकं झाली. पुठ्ठ्यांना कागद चिकटवून झाला, आतून अस्तर लावलं, वर पोळपाट, त्यावर वरवंटा ठेवून झोपलो. सकाळी वरवंटा उचलला तेव्हा सरळ होतं सगळं. संध्याकाळपर्यंत माझं कव्हर वाकायला लागलं आणि सोमवारी ऑफिसमधून आले तेव्हा त्याचा उडदाचा पापड झालेला, तोही तळलेला. नाशिकवालीचं तसंच. डोंबिवलीवालीचं तर विचारूच नका, तिथली हवा. शिवाय आतली पानं उघडली की आपणहून उभीच राहतात, पडतच नाहीत, आणि वॉटरकलरचा एक हात मारला की घडीपाशी लाटा.

फोन केला. “मॅडम, हँडमेड प्रॉडक्ट आहे ना, थोडं इकडेतिकडे होणारच.” हँडमेड तर आम्ही केलंय बाई, तुम्ही फक्त कापलंय, असं तोंडावर आलेलं पण गिळलं. एकीला नवे पुठ्ठे पाठवले त्यांनी, तेही वाकले.

मग मी पेठेत आमच्या ओळखीचे एक बाइंडर काका आहेत त्यांच्याकडे ते पुस्तक घेऊन गेले. पूर्वी वकिलांच्या फायली आणि शाळांची हजेरीपत्रकं बांधायचे, आता बहुतेक थिसिसचं ब्लॅक बाइंडिंग. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. एक पान दोन बोटांत धरून उभं वाकवलं, मग आडवं वाकवलं आणि म्हणाले, “ताई, ग्रेन उलटा आहे.”

तर हा ग्रेन काय प्रकार आहे ते नीट लिहिते, कारण कुठल्याही किटमध्ये हीच गोष्ट आधी बघायची आणि ती कोणीच सांगत नाही. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. वर्तमानपत्र उभं फाडून बघा, सरळ रेषेत फाटत जातं, आडवं फाडा, वाकडंतिकडं जातं, ते याच्यामुळे. तंतूंच्या दिशेने कागद सहज दुमडतो, आडव्या दिशेला अडतो. आणि ओल लागली की कागद फुगतो तो तंतूंच्या आडव्या अंगाने. म्हणून पुस्तकात तंतू नेहमी कण्याला समांतर पाहिजेत, पानांचे, पुठ्ठ्याचे, कव्हरच्या कागदाचे, अस्तराचे, सगळ्यांचे. बाजारातला ए-फोर कागद बहुधा उभ्या तंतूंचा असतो, आणि तो मधोमध दुमडून ए-फाइव्ह केला की घडी तंतूंना आडवी पडते. किटवाल्यांनी नेमकं हेच केलंय, रिम आणली, दुमडली, डब्यात घातली. पुठ्ठ्याचे तंतू एकीकडे, कव्हरचे दुसरीकडे, दोघं सुकताना आपापल्या दिशेला ओढणार, मग पापड नाही तर काय होणार.

काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पुठ्ठ्याला पीव्हीए घाईघाईत लावू नका, ते लगेच धरतं, कागद सरकवायला वेळच देत नाही, मोठ्या कागदाला खळ बरी. गव्हाच्या पिठाची खळ, मंद गॅसवर सतत ढवळत, पारदर्शक होईपर्यंत. किडे लागू नयेत म्हणून त्यांच्याकडे खळीत किंचित मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर नकोच, थोडी थोडी ताजी करा आणि उरलेली टाका. दुसरं म्हणजे सुकवायची घाई नको. अस्तर लावल्यावर मध्ये रद्दी कागद घालून वजनाखाली निदान दोन दिवस, पावसाळ्यात तीन, आणि ते रद्दी कागद रोज बदलायचे. आम्ही एका रात्रीत वरवंटा उचललेला.

काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा मीच पाजला.

दुसऱ्यांदा सगळं सामान अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळीतून आणलं. कार्ट्रिज पेपरचे मोठे ताव, तिथेच वाकवून ग्रेन बघितला, दुकानदार म्हणाला कागद घ्यायचाय की व्यायाम करायचाय. ग्रे बोर्डचा एक मोठा ताव, त्यात पाची जणींची कव्हरं निघाली आणि उरला. लिननचा दोरा नाही मिळाला तर सुती जाड दोरा दुहेरी करून मेणबत्तीवर दोन वेळा घासायचा, चालतो. चांभाराचा नायलॉनचा घेऊ नका, कागद कापतो. पाच जणींचं मिळून साधारण १,९०० रुपये झाले. म्हणजे पाची किटांचे ८,२५० आणि त्यात पुस्तक वाकडं, हे १,९०० आणि पुस्तक सरळ. हत्यारं मात्र किटमधलीच वापरली, हेही सांगायला पाहिजे. तो बोन फोल्डर खरंच छान आहे, आधी मी चमच्याच्या दांड्याने घड्या घोटायचे तर कागदावर चमक यायची, याने तेवढी येत नाही.

माझ्याकडे शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून मागे कधीतरी आणलेले थोडे तावही होते, ते शेवटी बाहेर काढले. १९४० सालापासूनची ही संस्था, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून जाळीवर एकेक ताव उचलून केलेला कागद. तो दोन्हीकडून सारखाच वाकतो, कारण जाळी हाताने हलवताना तंतू सगळीकडे विखुरतात, ग्रेनची कटकट जवळपास नाहीच. वर्षानुवर्षं ‘चांगल्या कामासाठी’ म्हणून कपाटात ठेवलेला कागद. आमच्या पिढीला कागद वापरायचा जीवच होत नाही. सातारावाली म्हणाली, तू गेल्यावर तुझी सून याच्यात चिवडा बांधणार आहे, फाड आता. फाडला. (कापला नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून हळूच फाडायचा, कड मऊ येते.)

कव्हरला मी खण लावायचं ठरवलं आणि तिथे स्वतःच्या चुकीने फजिती झाली, किटवाल्यांचा काही दोष नाही. खणाला थेट खळ लावली, ती विणीतून वर आली आणि जांभळ्या खणावर पांढरे डाग. कापडाला आधी मागून पातळ कागद खळीने चिकटवून, पूर्ण सुकवून मग ते कव्हरला लावायचं असतं. दुसऱ्या वेळी जमलं. डागाचा तुकडा टाकवेना, त्याची आता चष्म्याची पिशवी आहे.

आता पुस्तकांबद्दल, कारण एवढा खटाटोप ज्याच्यासाठी ते. नाशिकवालीने ए-फाइव्ह केलंच नाही. ती मागे धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात जाऊन आलेली, तिथे तिने रामदासी बाडं बघितलेली. बाड म्हणजे आपल्या वहीसारखं बाजूला नाही उघडत, वरच्या बाजूला शिवलेलं, लांबट, पान वर उलटायचं. तिने तसंच केलं, लांबलचक, आणि त्यात द्राक्षाच्या वेलीची पानं दाबून त्यांचे ठसे. प्रत्येक ठशाखाली तारीख आणि त्या दिवशी फवारणी होती का नाही. बास, एवढंच. भावाची बाग आहे, फवारणी झाली की पानावर निळसर डाग राहतात ते ठशात दिसतात. मी ते बाड रात्री अकरा वाजता घेऊन बसले आणि एक वाजला. रोज ग्रुपवर बोलतो आम्ही, पण भावाच्या बागेचं एवढं काही चाललंय हे मला त्या डागांवरून कळलं.

डोंबिवलीवालीकडे बसून चित्र काढायला वेळ नाही, जागाही नाही. तिने कॉप्टिक वगैरे सोडून दिलं, लांब पट्टी घड्या घालून तळहातावर मावेल असं अकॉर्डियन केलं, ना सुई ना दोरा, दोन टोकांना दोन पुठ्ठे. लेडीज डब्यात उभ्याने, एका हाताने वर कडी धरलेली, दुसऱ्या हातात अंगठ्याने धरलेलं ते पुस्तक आणि पेन. म्हणजे ती काढते कशी हे मला अजून कळलेलं नाही. सगळ्या रेघा थरथरलेल्या आणि त्याच छान आहेत. पट्टी पूर्ण उलगडली की अख्खा डबा समोर पसरतो, झोपलेल्या, मटार सोलणाऱ्या, दाराशी भांडणाऱ्या. पहिल्यांदा करणाऱ्यांना माझा सल्ला हाच, अकॉर्डियनने सुरुवात करा. चार भोकांची जपानी बांधणी सोपी म्हणून सगळीकडे सुचवतात, दिसतेही सुरेख, पण ती सपाट उघडत नाही, चित्राचा दोन बोटं भाग कण्यात जातो.

सातारावालीने स्वतःचं केलं ते केलंच, वर किटमधली भोकांची पट्टी शाळेत नेली आणि चौथीच्या मुलांकडून तीन भोकांची, एका फर्म्याची छोटी पुस्तकं शिवून घेतली. आरीने भोकं तिनेच पाडली, सुया बोथट. तेवीस पुस्तकं. त्यातलं एक आमच्या फिरत्या वहीत पाकिटात घालून पाठवलं तिने, ‘आमची म्हैस’ नाव आहे, पाचव्या पानावर म्हैस हरवते आणि सहाव्यावर सापडते, उरलेली पानं कोरी. विचारलं तर लेखक म्हणाला, सापडली की, मग आता काय लिहू.

पाठवण्याबद्दलही सांगते कारण सेवा म्हटली की तीही आलीच. पहिल्या फेरीत एका कुरिअरने माझं पुस्तक भिजवून दिलं. खणाचा रंग पहिल्या चार पानांवर उतरला. डोंबिवलीवालीने त्या जांभळ्या डागांवरच चित्रं काढली म्हणून मी तक्रार केली नाही, पण तेव्हापासून आधी प्लास्टिक, मग पुठ्ठा, मग परत प्लास्टिक आणि स्पीड पोस्ट. आमच्या पोस्टातल्या ताई आता ओळखतात, “तुमच्या मैत्रिणींचं ना? सोमवारी टाका, शनिवारी नको.”

तर किट घ्यावं का? एकट्याने, पहिल्यांदा, घरबसल्या करून बघायचं असेल आणि जवळपास बाजार नसेल तर दुसऱ्या कोणाचं तरी घ्या, आणि घेण्याआधी विचारा की ग्रेन कण्याला समांतर आहे का. समोरच्याला प्रश्नच कळला नाही तर फोन ठेवा. पुण्या-मुंबईत असाल तर नुसता बोन फोल्डर, आरी आणि सुया सुट्या घ्या, बाकी कागदवाल्या दुकानात उभं राहून वाकवून बघून घ्या. आणि पाचही जणींनी पाच किटं घेऊ नका, आम्ही मूर्खपणा केला, एका आरीत पाच जणींचं भागतं. आमच्याकडे आता चार आऱ्या जास्तीच्या आहेत, सातारावाली त्यातल्या दोन उचलून घेऊन गेली.

आठ फर्म्यांतले पाच प्रत्येकीचा एक असे भरतील, उरलेल्या तिनांचं काय करायचं यावरून ग्रुपवर अजून वाद चालू आहे. नाशिकवाली म्हणते कोरे ठेवा, डोंबिवलीवाली म्हणते लेकींना द्या. माझं स्वतःचं पुस्तक गेले तीन आठवडे मडगावला अडकलंय. विचारलं तर उत्तर आलं, “चवथ होऊ दे गं, घरात माटोळी बांधायचीय, तिची फळं काढतेय तुझ्या वहीत, अजून कातरे कुठे मिळाले नाहीत.” (माटोळी म्हणजे गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट, कातरे त्यातलेच.) म्हणजे आता बाजारात कातरे येईपर्यंत थांबायचं.